जयसिंगचे चार सीन

"हात वर करा, काका. आता खाली सोडा. बाही दोन बोटं लांब होतेय," कपडेपट सांभाळणारा रविराज तोंडात टाचण्या धरून म्हणाला. "दादांचे हात लांब होते ना."

"होतेच लांब," आरशात बघत श्यामसुंदर गद्रे म्हणाले. "माझ्या ताटातलं उचलून उचलून झाले असतील."

रविराज हसला आणि लगेच त्याने जीभ चावली. अंगावर मापाला चढवलेला सदरा जयसिंग जगदाळेचा होता, आणि जयसिंगला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. झोपेतच गेला. आजारपण नाही, दवाखाना नाही. सिनेमात त्याला इतक्या वेळा हार्ट अटॅक आला होता, की खरा आल्यावर छातीला हात लावायचेही त्याने कष्ट घेतले नाहीत, असं गद्रे त्या दिवशी स्मशानात म्हणाले होते आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

मराठी सिनेमात न्यायाधीश, हेडमास्तर, डॉक्टर, पोलीस पाटील आणि नवरीचा बाप अशा माणसांची एक निराळीच जात असते. गेली चाळीस वर्षं पुण्यात या जातीची दोन ठळक घरं होती. एक गद्र्यांचं, एक जगदाळ्यांचं. गद्रे टेलिफोन खात्यात कारकून, सगळी रजा शूटिंगसाठी राखून ठेवणारे. जयसिंग पिंपरीच्या कारखान्यात फिटर, शूटिंग असलं की कोणाशी तरी पाळी बदलून घेणारा. शहरातला बाप हवा असला की पहिला फोन गद्र्यांना जाई, गावाकडचा हवा असला की जयसिंगला. पहिला मोकळा नसला तर दुसऱ्याला मिशी लावून किंवा काढून काम भागवलं जाई. दोघांनीही एकमेकांची कामं पळवली होती, एकमेकांना शिव्या घातल्या होत्या आणि एकमेकांचा प्रत्येक सिनेमा तिकीट काढून पाहिला होता.

मंडईत भाजी घेताना लोक गद्र्यांना अडवत. "तुम्ही ते ना... अहो ते, त्या सिनेमातले..." यापुढे ओळख कधी सरकली नाही. गद्रेही पिशवी हातात धरून सभ्यपणे थांबत, समोरच्याला नाव आठवतंय का याची वाट बघत, आणि मग आपणच "हो, तोच," म्हणून पुढे जात. एकशे बारा सिनेमे झाले होते. त्यांतलं सगळ्यात मोठं काम अकरा मिनिटांचं होतं. त्यांच्या बायकोने, हेमाने, घड्याळ लावून मोजलं होतं.

आणि आता, बहात्तराव्या वर्षी, हे काम चालून आलं होतं. दिग्दर्शक शुभंकर तिशीतला पोरगा होता, पण त्याला म्हाताऱ्यांकडे बघायची नजर होती. त्याच्या सिनेमाचा नायक हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला. गावाहून त्याचा बाप न कळवता येतो आणि कंपनीबाहेरच्या बसथांब्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलाची वाट बघत बसतो. बापाचे चार सीन. सगळा सिनेमा त्या चार सीनवर तोललेला. जयसिंगने ते काम पुरंही केलं होतं. पण शूटिंग भर रस्त्यावर झालं होतं, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या भोंग्यांनी त्याचा आवाज पार गिळून टाकला होता. नंतर स्टुडिओत बसून पुन्हा आवाज भरायचा हे ठरलेलंच होतं. आवाज भरायच्या आधी जयसिंग गेला.

शुभंकरने दोन आवाजवाले आणून बघितले. दुसऱ्याची कवळी घातल्यावर माणूस जसा दिसेल तसा जयसिंग दिसायला लागला. मग कोणीतरी जयसिंगच्या जुन्या सिनेमांतून कॉम्प्युटरवर त्याचा आवाज तयार करून आणला. तो त्याच्या बायकोला, गोदाबाईंना ऐकवला. त्यांनी अर्धा मिनिट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद करा. ह्ये मेलेलं बी न्हाई न् जितं बी न्हाई." त्यानंतर निर्मात्याने सांगून टाकलं, की जगदाळे काढून टाका आणि चारही सीन गद्र्यांना घेऊन परत करा. आता मिशी लावायचीही गरज नव्हती, गद्र्यांनी स्वतःचीच वाढवायला घेतली होती.

आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आनंद झाला, आणि झाला म्हणून लाजही वाटली. पण आदल्या दिवशी त्यांनी मेथी निवडत बसलेल्या हेमाला समोर धरून शेवटचा सीन दहा वेळा म्हणून घेतला होता. मुलाचं वाक्य हेमाचं. "अण्णा, तुम्ही? फोन करायचा ना!" हे तिने विजेचं बिल वाचावं तसं वाचलं. मग बापाचं वाक्य. "इकडं काम होतं रे एक. म्हटलं, जाता जाता तुला भेटून जावं." दोनशे किलोमीटर एसटीने आलेला, दिवसभर उपाशी बसलेला माणूस हे खोटं बोलतो, हीच तर सीनची गंमत. गद्रे 'तुला'च्या आधी थांबले. गळा दाटून आणला. डोळ्यांत पाणी काठापर्यंत आणून तिथेच थोपवलं.

"कसं झालं?"

"गोड झालं," हेमा म्हणाली.

"गोड म्हणजे? चांगलं की वाईट?"

"साखर थोडी जास्त पडलीय. पण लोकांना आवडेल."

चाळीस वर्षं अशा समीक्षेवर काढलेल्या माणसाला राग येत नाही. त्यांनी पाण्याचं प्रमाण थोडं कमी करायचं ठरवलं होतं.

रविराजने दुसरी बाही टाचली. गद्रे म्हणाले, "शुभंकर, मला जयसिंगचं काम दाखव जरा."

शेजारच्या टेबलाशी बसलेला शुभंकर चपापला. "कशाला, काका? तुम्ही तुमच्या पद्धतीने करा ना."

"पद्धत माझीच. पण तुझ्या हिरोने पुढच्या सिनेमासाठी दाढी वाढवलीय म्हणतोस. त्याचे शॉट्स जुनेच राहणार. त्यात जयसिंगचा हात कुठे आहे, नजर कुठे आहे, हे मला जुळवायला नको?"

शुभंकरने लॅपटॉप वळवला. टाचण्या लावलेल्या सदऱ्यातच गद्रे खुर्चीवर जपून बसले.

पडद्यावर जयसिंग बसथांब्याच्या बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी समोरून जात होती, आणि कोणीही जवळ आलं की जयसिंग पाय आत घेत होता. वाटेत आपली अडचण नको, म्हणून. हे काही संवादवहीत लिहिलेलं नव्हतं. मग मुलगा आला. जयसिंग उठला नाही. त्याने आधी मुलाच्या बुटांकडे पाहिलं, मग वर. मग तो बोलला, म्हणजे ओठ हलले, कारण त्याच वेळी दोन बस भोंगे वाजवत गेल्या. बोलता बोलता त्याने मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याला पडलेला पीळ सरळ केला. 'भेटून जावं' हे शब्द त्या पट्ट्यालाच सांगितल्यासारखे गेले. नंतर तो हसला, चोरी पकडली गेल्यावर पोर हसतं तसं.

"परत लाव," गद्रे म्हणाले.

तीन वेळा पाहिलं. चौथ्या वेळी आवाज बंद करायला लावून पाहिलं.

आधी मत्सर वाटला. त्याची कळ कुठून उठते, कुठपर्यंत जाते, हे गद्र्यांना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. ती नेहमीसारखी उठली, आणि या खेपेला मध्येच विरली. कारण मत्सर करायला आपल्यालाही त्या पंगतीत बसावं लागतं. आपण गळा दाटून आणला असता. पट्ट्याचा पीळ आपल्याला दिसलाही नसता. हे आपल्याला आलं नसतं, आणि आता पुसून टाकलं तर ते कुठेच असणार नाही. मग त्यांना जयसिंगची इतकी आठवण आली, की तेवढी स्मशानातही आली नव्हती.

"रविराज, टाचण्या काढ," ते म्हणाले.

"काका, काही चुकलं का आमचं?" शुभंकर उठलाच.

"तुमचं काही नाही. हे परत करायचं नाही. हेच ठेवायचं."

"अहो पण आवाज—"

"आवाज मी देतो."

शुभंकरने रविराजकडे पाहिलं. "काका, राग मानू नका. पण आपला आवाज अगदीच... पेठेतला आहे."

"त्या माणसाचा आवाज चाळीस वर्षं माझ्या कानात आहे. रागाने ऐकलेला आहे. रागाने ऐकलेलं माणूस विसरत नाही."

"रोल जाईल तुमचा. पोस्टरवर होतात तुम्ही. तयार झालंय."

"दाखव."

शुभंकरने मोबाइल पुढे केला. जुन्या फोटोवरून केलेला गद्र्यांचा चेहरा नायकाच्या मागे अर्धं पोस्टर व्यापून होता. एकशे बारा सिनेमांत त्यांचा चेहरा पोस्टरवर कधीच आला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि नीट पाहून घेतलं.

"छान आलंय," म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. "मी गोदावहिनींना विचारून येतो. त्या नाही म्हणाल्या तर सदरा घालतो."

येरवड्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते मनाशी म्हणत होते, की बाई नाही म्हणतील. मशीनला नाही म्हणाल्या, मला कशाला हो म्हणतील? आणि हा विचार आपल्याला आवडतोय, हेही त्यांना कळत होतं.

गोदाबाईंनी चहा केला, बशी पुढे सरकवली आणि सगळं ऐकून घेतलं. भिंतीवर जयसिंगचा फोटो होता, तोही कुठल्यातरी सिनेमातला, पाटलाच्या फेट्यातला.

"मग तुमचं काम?"

"जातं."

"हेमाताईंस्नी सांगितलंत?"

"अजून नाही."

"म्हंजी आधी हिकडं आलात." गोदाबाई थोड्या हसल्या. "भावजी, तुम्ही टीव्हीवर दिसलात की ह्ये पेपर खाली ठेवायचे. म्हनायचे, गद्र्याचं पाठांतर बघ, माणूस हाय का टाइपरायटर! शिव्या द्यायचे निस्त्या. पर च्यानल बदलू द्यायचे न्हाईत."

गद्र्यांना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. इथे पाणी काठावर थोपवणं जमलं नाही.

"मशीनला मी न्हाई म्हनले," गोदाबाई म्हणाल्या. "तुम्ही ह्यांच्यासंगं भांडलेलं मानूस. तुम्ही द्या आवाज. पर एक सांगते, जास्ती करू नगा. ह्ये घरात बी कमीच बोलायचे."

हेमाला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने आधी पानं वाढली. मग एवढंच विचारलं, "पोस्टरवर चेहरा कसा होता?"

"चांगला होता."

"मग मला आधी दाखवायचा तरी होतात."

त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि गद्र्यांनी मागितलं नाही.

एरंडवण्यातल्या स्टुडिओत काचेपलीकडे चेतन नावाचा रेकॉर्डिस्ट बसला होता. तो फार सभ्य मुलगा होता, पण त्याचा सभ्यपणा गद्र्यांना पहिल्या दिवशी शिवीसारखा लागला. पडद्यावर जयसिंगचे ओठ हलायचे, गद्रे बोलायचे, शब्द ओठांवर चपखल बसायचे, गावाकडचा हेलही बरोबर उतरायचा. आणि चेतन म्हणायचा, "बसलंय, काका. पण हे तुम्हीच आहात."

"कुठे कळतंय?"

"शेवटी. तुमचं वाक्य पूर्ण होतं."

होणारच! वाक्य पूर्ण करणं हा गद्र्यांचा धर्म होता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शेवटचा 'आहे' ऐकू गेला पाहिजे, या शिस्तीत ते वाढले होते. आणि जयसिंगवर त्यांचा सगळ्यात जुना राग हाच, की तो वाक्याची शेपटी खातो. आळशी आहे, सवयच घाणेरडी आहे, असं ते चारचौघांत सांगत आले होते.

दुसरा दिवसही तसाच गेला. तीन सीन कसेबसे झाले, शेवटचा होईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरचा कागदाचा स्टँड बाजूला करायला लावला. उभं राहून बोलत होते, ते खुर्ची मागवून बसले. आपली कापडी पिशवी मांडीवर घेतली. चेतनला म्हणाले, "रेकॉर्ड करू नकोस. नुसतं दाखव."

त्यांनी शब्द सोडून दिले आणि जयसिंगचा श्वास बघायला सुरुवात केली. छाती कधी वर जाते, कधी खाली. मग दिसलं. वाक्य सुरू करताना जयसिंग श्वास घेतच नव्हता. उरलेल्या, शिळ्या हवेवर तो बोलत होता, म्हणून शेवटाला पोचेपर्यंत हवा संपत होती. दिवसभर कोणाशी न बोललेल्या माणसाचं असंच होणार. आणि शेपटी तो खात नव्हताच. समोरच्या पोरासाठी ठेवत होता. अर्धं मी बोललो, उरलेलं तू समजून घे. चाळीस वर्षं ज्याला आपण आळस म्हणत आलो, ते जयसिंगने मुद्दाम, जपून केलेलं काम होतं, आणि एकदा भेटून हे त्याला सांगायची आता सोय नव्हती.

"लाव," गद्रे म्हणाले.

पडद्यावर मुलाने विचारलं, "अण्णा, तुम्ही? फोन करायचा ना!"

गद्र्यांनी श्वास घेतला नाही. "हिकडं काम हुतं रे येक. म्हनलं, जाता जाता तुला भेटून..." आणि 'जावं' निघालंच नाही. नुसती हवा गेली.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग थांबलं. मग चेतनने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात ठेवले आणि उठून दार उघडलं. "काका, पाणी देऊ?" त्याला एवढंच सुचलं.

शुभंकरला नावांच्या पाटीत 'आवाज: श्यामसुंदर गद्रे' असं घालायचं होतं. गद्र्यांनी त्याला साफ बजावलं. "नाव दिलंस तर लोक आवाज शोधत बसतील. मग त्याला बघणार कोण?"

"पण काका, कोणाला कळणारच नाही तुम्ही काय केलंत."

"कळलं तर मी नीट केलं नाही असं होईल."

सिनेमा लागला त्या आठवड्यात शुभंकरने तिकिटं पाठवली. हेमाने गुडघ्याचं कारण सांगितलं. ते निम्मं खरं होतं. गद्रे दुपारच्या खेळाला गोदाबाईंना घेऊन गेले. कोथरूडचं थिएटर निम्मं भरलेलं, बरीचशी तरुण मंडळी. जयसिंग पडद्यावर पाय आत घ्यायला लागला, तसा पॉपकॉर्नचा आवाज थांबला. शेवटच्या सीनला पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मोबाइल काढला आणि तो कोणाला तरी फोन लावत वाकून बाहेर गेला. पाटीवर जयसिंगचं नाव एकट्याचं, मोठ्या अक्षरांत आलं. गद्रे हे सगळं पाहत होते, पण शेजारी बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. गोदाबाई दोन तास हललेल्या नव्हत्या.

बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षा नदीच्या दिशेने वळली, तेव्हा गद्र्यांनी गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते.

"वहिनी, फार त्रास झाला का? रडलात?"

"न्हाई. रडले न्हाई." त्या पुढे रस्त्याकडेच बघत होत्या. "पयल्यांदा ह्ये बोलले तवा माझे डोळे आपसूक मिटले. मिटले तर तुम्ही बोलत हुता. उघडले तर ह्ये. परत मिटून बघितले, परत तुम्ही."

गद्रे एकदम सावरून बसले. म्हणजे या बाईपुढे आपण पकडले गेलो. "माफ करा, वहिनी. मी पुष्कळ—"

"अवो ऐका तर. मग मिटलेच न्हाईत. पुरं दोन तास. पाणी आलं तर पुसलं बी न्हाई, पुसताना मिटतात म्हनून. नुसती आग व्हतीय आता." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, पण डोळ्यांना लावलं नाही. "चार येळा आले ह्ये माझ्यासमोर. बोलत हुते."

सिग्नलला रिक्षा थांबली. सिग्नल सुटला. गोदाबाईंनी डोकं मागे टेकवलं, पदर तोंडावरून फिरवला आणि डोळे मिटून घेतले.

"आता बोला, भावजी," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"कायबी. तुमचंच. हेमाताईंचे गुडघे कसे हायेत?"

गद्र्यांनी घसा साफ केला. डावा जरा बरा आहे, उजव्याचं ऑपरेशन करावं असं डॉक्टर म्हणतात, पण ती घाबरते, असं ते आपल्या नेहमीच्या आवाजात सांगत राहिले. पूल आला तरी गोदाबाई डोळे मिटूनच ऐकत होत्या.